गळ्यावरचा भोवरा

मुलांनो, आधी एक करा. उजव्या हाताचं एक बोट हनुवटीखाली, गळ्याच्या मधोमध ठेवा आणि आवंढा गिळा. काहीतरी वर चढलं आणि परत खाली उतरलं ना? आता तेच बोट जरा बाजूला न्या, जबड्याच्या हाडाखाली, आणि न बोलता थांबा. तिथे कुणीतरी आतून हळूच टकटक करत असेल.

आता असं समजा की हा गळा तुमचा नाही, तुमच्या वडिलांचा आहे. ते जमिनीवर बसलेत, पाठ खांबाला टेकून, मान मागे टाकून, डोळे मिटून. गळ्यावर साबणाचा फेस आहे. आणि तुमच्या हातात दाढीचा रेझर आहे, त्यात नवं कोरं पातं. तुमचं वय दहा. धारेशी तुमचा संबंध आजवर विळीवर काकडी चिरण्यापुरता.

बसलात तिथे? मग आता जरा सरका, मला माझ्या जागेवर बसू द्या. कारण ती मुलगी मी होते.

माझे आबा दशावतारात काम करायचे. आमच्या तळकोकणात सुगी आटोपली की गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की दशावतार आलाच. त्यात बायकांची कामंही पुरुषच करतात. आबा राणी व्हायचे. आख्यान कुठलंही असो, जी राणी वनात टाकली जाते, जिचं मूल हरवतं, जिला सगळे दोष देतात, ती राणी म्हणजे धाकू वारंग. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते हेच करत आले होते.

मी मात्र त्यांना राणीच्या वेषात कधी पाहिलं नव्हतं. आई पाठवायचीच नाही. रात्रभर जागून मुलगी शाळेत डुलक्या घेते म्हणायची. त्या वर्षी आई बाळंतपणाला माहेरी गेली, शाळेला नाताळची सुट्टी लागली, आणि आबा मला आपल्याबरोबर घेऊन निघाले.

मंडळी तळेगाळू नावाच्या गावात उतरली होती. देवळाशेजारी धर्मशाळा, तिच्या पडवीत कपड्यांचे पेटारे, एका कोपऱ्यात चूल. मध्ये काही दिवस खेळ नव्हता, म्हणून सगळेजण दाढी वाढवून, अंगाला तेल लावून उन्हात पडलेले असायचे. त्या दिवशी मात्र जत्रा होती. सकाळपासून देवळापुढे खाज्याची दुकानं लागत होती. आणि सकाळीच आबा विहिरीच्या ओल्या चिऱ्यांवर घसरले.

डोकं वाचलं, पण उजवं मनगट दुधी भोपळ्यासारखं सुजलं. गुणाजीने आंबेहळद उगाळून लेप घातला आणि फडक्याने करकचून बांधलं. गुणाजी म्हणजे मंडळीतला सगळ्यात लहान नट. वय अठरा-एकोणीस, गोरापान, आवाज बासरीसारखा. राणीची दासी व्हायचा.

लेप वाळतोय तोवर दाजी आले. दाजी हे मंडळीचे मालक. उंच, म्हातारे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी हाताकडे एकदा पाहिलं आणि मग गळ्याकडेच पाहत राहिले.

"धाकू, हात ऱ्हव दे बाजूक. हात पदराखाली जाता. गळो खंय लपवतलस?"

मला ठाऊक होतं दाजी कशाबद्दल बोलतायत. आल्या दिवशीच गुणाजीने मला सांगितलं होतं. गेल्या गावात आबांच्या गळ्यावर पुरळ उठलं होतं, लालबुंद. रोज दाढी करायची, वर पांढरा रंग, म्हणजे सफेदा, फासायचा, त्यावर पेट्रोमॅक्सची धग आणि घाम. ऐन विलापात राणी रडता रडता गळा खाजवायला लागली. पुढे बसलेल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या.

"माझ्या मंडळीत राणीक कोण हसलेला नाय," दाजी म्हणाले. "आज दिवेलागणीक मी कंदील घेवन येतलंय. गळो लाल दिसलो, तर आजची राणी गुणाजी. आणि मगे गुणाजीच. माका पुन्हा इचारू नको."

"बरा, दाजीनू," आबा म्हणाले.

दाजी गेल्यावर मी विचारलं, "आबा, राणी गुणाजीन केली तर तुमी काय करतलास?"

आबा हसले. "पेटारे उचलतलंय. तेंका दोन हात लागतत, पण माझो तर एकच आसा."

हसण्यावारी नेलं, पण मला कळलं. राजा व्हायला लागणारा खर्जातला आवाज त्यांच्याकडे नव्हता. राक्षस व्हायला लागणारं धूड नव्हतं. त्यांच्याकडे राणी होती, दुसरं काही नव्हतं.

आता प्रश्न असा, की दाढी करायची कुणी? गावचा न्हावी लेकीच्या सासरी गेलेला. डाव्या हाताने गाल जमले असते, गळा नाही. दाजींचे हात थरथरायचे. बाकीचे मांडवाचे बांबू आणायला शेजारच्या गावी गेलेले. राहिला गुणाजी.

आबांनी त्याला हाक मारली. तो आला, रेझर पाहिला आणि दोन पावलं मागे सरला.

"धाकूदा, माका सांगू नको."

"कित्याक? तुझी तू करतस ना रोज?"

"माझी मी करतंय. पण तुझ्या गळ्याक जरा कापला, तर अख्खी मंडळी म्हणतली, राणी होवक व्हयी म्हणून गुणाजीन मुद्दाम कापल्यान." त्याचा चेहरा रडवेला झाला होता. "माका राणी होवक आवडात. पण असो नाय."

आबांनी त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला. "बरा. जा, पाणी तापत ठेव."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्यावर बसून अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, ओवत होते. अबोली फार नाजूक असते. बोट जरा जड पडलं की तिची पाकळी काळी पडते. आबांनी माझ्या मांडीवरचं एक फूल उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"एक पण मोडूक नाय," ते म्हणाले. "वच्छे, हात धू. तू करतलस."

तुम्ही हे वाचून घरी रेझर शोधायला जाल, म्हणून आताच सांगून ठेवते, जाऊ नका. माझे आबा समोर होते, शब्द न् शब्द सांगत होते; तुमच्यासमोर तसं कुणी नसेल.

गुणाजीने पाण्याचं घंगाळ आणून ठेवलं. मी लगेच साबणाला हात घातला.

"खंय धावतंस?" आबा म्हणाले. "आधी पंचो बुडव. पीळ. हां, आता गळ्यार ठेव. थंड झालो की परत बुडव."

"कित्याक?"

"सुको केस ताठ ऱ्हवता. पाता तेका ओढता, मगे केसाबरोबर कातडी वर येता, आणि ती कापता. भिजलेलो केस गपचूप वाकता."

मी पंचा बुडवत होते, पिळत होते, ठेवत होते. वाफेने आबांचा चेहरा लाल झाला आणि मग सैलावला. ते मला एखाद्या भिजवलेल्या कडधान्यासारखे दिसायला लागले. तसं सांगितलं तर पंच्याखालून म्हणाले, "मगे मोड येवच्या आधी हात चलव."

साबणाचा फेस ब्रशने फिरवून फिरवून लावला. तोही लगेच काढायचा नव्हता, जरा मुरू द्यायचा होता. गुणाजीने रेझरमध्ये नवं पातं घातलं आणि तो माझ्या हातात दिला. मी मुठीत घट्ट धरला.

"पिसासारखो धर," आबा म्हणाले. "रेझराक स्वतःचा वजन आसा. तेवढा पुरे. तू आपला घालू नको."

मी त्यांच्या गालाशी रेझर नेला. त्यांनी डाव्या हाताने कानाजवळची कातडी वर ओढून ताणली. रेझर टेकला, खाली सरकला, आणि करकर असा बारीक आवाज झाला. फेसातून गालाची एक स्वच्छ पट्टी वर आली.

"पाण्यात बुडव," आबा म्हणाले. "दर खेपेक बुडव. केस अडाकले की पाता सरकना नाय, मगे माणूस दाबता."

एक गाल झाला, दुसरा झाला, ओठाच्या वरचा भाग झाला. तिथे त्यांनी जिभेने आतून फुगवटा केला, मला हसू आलं आणि त्यांनी डोळे वटारले. एकदाही कापलं नाही. मला वाटायला लागलं, आपल्याला येतंय की.

मग त्यांनी मान मागे टाकली.

मी आबांचा गळा असा कधी पाहिला नव्हता. मुलं आपल्या वडिलांचा गळा पाहतातच कुठे? खांद्यावर बसलं की वरून केस दिसतात, समोर उभं राहिलं की पोट दिसतं. उघडा, ताणलेला, उजेडात धरलेला गळा पहिल्यांदाच समोर आला. कातडी गालापेक्षा पातळ होती, इतकी की खालची निळी शीर दिसत होती. आणि त्या शिरेजवळ काहीतरी उडत होतं.

"आबा, हंय काय उडता?"

"जीव तो," डोळे न उघडता ते म्हणाले. "थंय हलक्या हातान."

माझा हात तिथेच थांबला. हातातली वस्तू एकदम मणभर झाली. आबांना ते न पाहताच कळलं असावं, कारण ते गुणगुणायला लागले. राणीच्या विलापाचे सूर. शब्द नव्हते, नुसता आवाज.

"हलू नकात ना," मी म्हटलं.

"रेझर खाली ठेव. बोट लाव."

मी गळ्याच्या मधल्या उंचवट्यावर बोट ठेवलं. ते थरथरत होतं. सूर चढला की तो उंचवटा वर जायचा, सूर उतरला की खाली यायचा, आणि एका जागी आवाज लांबला तेव्हा ती थरथर माझ्या बोटातून मनगटात, मनगटातून कोपरापर्यंत आली. देवळातल्या घंटेला हात लावून बघा, ती वाजून गेल्यावरही आत काहीतरी चालू असतं. तसं. रात्री शेकडो माणसं ज्या आवाजाने रडायची तो या एवढ्याशा जागेतून निघत होता, आणि ती जागा माझ्या बोटाखाली होती.

भीती गेली नाही. पण माझी थरथर थांबली, जणू दोघांपैकी एकानेच थरथरायचं असं ठरलं होतं.

"आता बोट खाली ने," आबा म्हणाले. "वरसून खाली. काय लागता?"

"गुळगुळीत."

"आता खालसून वर."

"खरखरीत."

"हां. गुळगुळीत लागता तो केसांचो रस्तो. तेच्यावरून जावचा. खरखरीत लागता तेका आमी उलटी म्हणतो. आमचे लोक आधी सुलटी करतत, मगे उलटी. म्हणजे राणीची कातडी शहाळ्यातल्या खोबऱ्यासारखी लागता."

मी उजवी बाजू केली, वरून खाली. मधला उंचवटा केला. तेव्हा आबांनी आवंढा गिळून तो वर धरून ठेवला. मग डावी बाजू. रेझर टेकवण्याआधी मी सवयीने बोट फिरवलं, वरून खाली.

टोचलं.

मला वाटलं चुकलं. पुन्हा फिरवलं. जबड्याखाली, कानाच्या पाळीच्या सरळ रेषेत, तळहाताएवढी जागा होती. तिथे वरून खाली बोट नेलं की सुया लागायच्या आणि खालून वर नेलं की मांजराची पाठ.

"आबा, हंय उलटा आसा."

"काय उलटा?"

"केस. हंय ते वर जातत. कानाकडे."

"काय तरी बोलू नको. गळ्यावरचे केस खालीच जातत. सगळ्यांचे जातत."

"तुमचे नाय जात."

आबांनी डोळे उघडले. "उजेडात ये. नीट बघ."

मी फेस पुसला. मंडळीला काही दिवस खेळ नव्हता म्हणून केस तिळाएवढे वाढले होते, नाहीतर एरवी काही दिसलंच नसतं. मी इतकी वाकले की माझं नाक त्यांच्या कानाला लागलं. आणि दिसलं. बाळाच्या डोक्यावर असतो ना, तसा भोवरा. मधे एक बिंदू, आणि त्याच्याभोवती केस गोल फिरून वर निघाले होते, जसं काही कुणी तिथे बोटाने एकदा ढवळून ठेवलं होतं.

"भोवरो आसा," मी म्हटलं.

आबांनी डावा हात उचलला आणि स्वतःचं बोट तिथे नेलं. आधी वरून खाली, मग खालून वर. मग पुन्हा. त्यांचं बोट भोवऱ्याभोवती सावकाश फिरलं. गुणाजी चुलीजवळून उठून आला.

"पुरळ खंय उठता तुमका?" मी विचारलं.

"हंयच," ते म्हणाले. "दर वर्षी हंयच."

नंतर त्यांनी काय काय करून पाहिलं होतं ते मला सांगितलं. सफेद्याचा दुकानदार बदलला. साबण बदलला. पाणी बाधतं म्हणून आपल्या गावचं पाणी बाटलीत भरून न्यायला लागले. मासे सोडले, ही तर कमालच. आणि एवढी वर्षं रोज ते ज्याला सुलटी समजत होते ती त्या तळहाताएवढ्या जागेत उलटी होती. आरशात केस दिसायचे, पण त्यांची वाट दिसायची नाही. रोज दाढी करणाऱ्याला आपले केस कुठे निघालेत ते बघायला केस वाढावे तर लागतात.

"मगे आता?" गुणाजी म्हणाला.

"मगे आता चेडू सांगात तसा," आबा माझ्याकडे पाहत म्हणाले आणि त्यांनी मान परत मागे टाकली. या वेळी त्यांनी मला काहीच सांगितलं नाही.

मी पुन्हा पंचा गरम केला. पुन्हा फेस लावला. भोवऱ्याच्या भोवतीने, केस जिकडे निघाले होते तिकडेच, थोडं थोडं करत गेले. एक हात खाली, एक आडवा, एक वर कानाकडे. रांगोळीत वेल काढताना हात वळतो तसा मनगट वळवत गेले. आवाज बदलला. करकर थांबली, नुसता फेस सरकल्यासारखा आवाज यायला लागला. आबांचा जीव माझ्या करंगळीजवळ उडत होता आणि आता मला तो सोबतीला असल्यासारखा वाटत होता.

दाढी झाली. आबांनी डाव्या हाताने गळा चाचपला. गुळगुळीत होता, पण शहाळ्यासारखा नव्हता. उलट्या बोटाने किंचित लागत होतं.

गुणाजी हळूच म्हणाला, "धाकूदा, उलटी फिरवची रवली. पहाटे निळी सावली दिसात."

मी रेझर हातात धरून वाट पाहत उभी. मंडळीत आजवर कुठली राणी उलटी दाढी केल्याशिवाय उभी राहिली नव्हती. आबांनी माझ्याकडे पाहिलं, रेझरकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "सावली झाकूक येता. सफेद्याखाली पिवळी पिवडी लावया, तेच्यात चिमटीभर लाल हिंगूळ. निळा दिसाचा नाय. लाल गळो मात्र कशानच झाकणा नाय."

मग विहिरीचं गार पाणी. चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. गुणाजी तुरटीचा खडा घेऊन आला, तर त्याला म्हणाले, "नको, कातडी आवळता आणि चुरचुरता. आज तिका गप बसान दे." खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर पसरून तेवढा लावला. आणि मग दिवेलागणीपर्यंत गळ्याला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम झाला. आबा मान वर करून खांबाशी बसले आणि मी समोर बसून त्या गळ्यावर राखण केली. माशी आली की हाकलायची. दूध उतू जाईल म्हणून बघत बसतात तसं मी बघत होते, की लाल होतोय का, होतोय का.

अंधारून आलं. देवळात नौबत वाजली. दाजी कंदील घेऊन आले.

त्यांनी आबांची हनुवटी दोन बोटांनी वर केली. कंदील उजवीकडे धरला, मग डावीकडे. डावीकडे बराच वेळ. कंदिलाची काच माझ्या गालाला गरम लागत होती, इतकी मी जवळ गेले होते. गुणाजी पेटाऱ्याआड उभा होता.

"काय लावलंस?" दाजींनी विचारलं.

"काय नाय. चेडवान दाढी केल्यान."

दाजींनी कंदील माझ्या तोंडासमोर आणला. माझे हात पाहिले. मग सरळ उभे राहिले.

"रंग लाव," ते म्हणाले आणि गेले.

पेटाऱ्याआडून कुणीतरी श्वास सोडला. गुणाजी आपली दासीची साडी शोधायला लागला.

रंग लावताना आरसा मी धरला. आबा डाव्या हाताने काम करत होते, म्हणून सावकाश. आधी पिवडी आणि हिंगूळ, मग सफेदा. मग भुवया. ओठ. कपाळावर कुंकवाची चिरी. मग गुणाजीने त्यांना लुगडं नेसवलं, अंबाडा बांधला, आणि माझा वळेसर त्यावर माळला. बांधलेलं मनगट पदराखाली गेलं.

मग ते आरशात पाहायला पुन्हा समोर बसले. आरसा माझ्या हातात, छातीशी. त्यामुळे समोरची बाई आरशात पाहत होती की माझ्याकडे, ते मला कळेना. तिने पापण्या खाली केल्या, मग हळूच वर उचलल्या, एक भुवई किंचित जास्त.

ती भुवई मी ओळखली. मी रागावले की माझी तशी होते. आई नेहमी सांगायची. नाकाचा शेंडाही मी ओळखला. ओठाचा खालचा कोपराही. आमच्या वाडीतल्या सगळ्या बायका मला बघून म्हणायच्या, चेडू बापसाच्या तोंडवळ्याचा गेला, आणि मला त्याचा राग यायचा, कारण कोणत्या मुलीला वडिलांसारखं, दाढीमिशांच्या माणसासारखं दिसायला आवडेल? आणि आता ते सगळं बाजूला झालं होतं. माझ्याच हाताने मी ते बाजूला केलं होतं. त्याच्याखाली एक बाई बसलेली होती, शांत, थोडी दमलेली, फार सुंदर, आणि ती माझ्याकडे माझ्याच तोंडाने पाहत होती.

आरसा माझ्या हातातून घसरता घसरता राहिला.

"आबा," मी म्हटलं. "मी मोठी झालंय की अशी दिसतलंय?"

ती बाई जराशी हसली, आणि आवाज मात्र आबांचाच आला. "माझ्यापरस बरी. तुका रोज दाढी करूची लागाची नाय."

रात्री राणीचा विलाप मी रंगपटाच्या कापडाआडून पाहिला. तिला वनात सोडून सगळे गेले आणि ती एकटी उभी राहिली. तिने मान वर केली, पेट्रोमॅक्सच्या पांढऱ्या उजेडात, पूर्ण वर, आणि गळा सगळ्यांसमोर उघडा धरला. तिथे लाल काही नव्हतं. सूर चढला. तो उंचवटा वर चढताना मला इथून दिसला, आणि माझं बोट आपोआप थरथरलं. तिचा हात एकदाही गळ्याकडे गेला नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते, पण हसायला नाही. बाजूला बसलेल्या दाजींच्या हातातले टाळ थोडा वेळ वाजायचेच राहून गेले.

सकाळी आबा पेटाऱ्याला टेकून झोपले होते, अजून काजळ डोळ्यांत. मी त्यांचा गळा पाहून घेतला, एक पुळीही नव्हती. मग विहिरीवर तोंड धुवायला गेले.

गुणाजी तिथे बसून खोबरेल तेलाने रंग काढत होता. मला पाहून तो जरा घुटमळला. त्याने खांद्यावरचं फडकं बाजूला केलं. त्याच्या गोऱ्या गळ्यावर, दोन्ही बाजूंना, बारीक लाल पुळ्यांची रांग होती. कुणाला दाखवली नव्हती त्याने.

"वच्छे," तो म्हणाला, "माझो गळो बघशीत गो? माका पण सांग, ते खंयसून खंय जातत."

मी त्याच्याकडे पाहिलं. काल रात्री राणीच्या मागे पंखा धरून उभी असलेली दासी ती हीच.

"आज काय कळाचा नाय," मी म्हटलं. "आज तुझे केस तीळभर पण नाय. दोन-तीन दिवस दाढी करू नको, मगे बघतलंय." त्याचं तोंड पडलं, म्हणून मी त्याला चिऱ्यावर उन्हाकडे तोंड करून बसवलं, पंचा विहिरीच्या गार पाण्यात बुडवला, पिळला, आणि त्याच्या गळ्यावर ठेवून, तो थंड लागून शहारला तरी, हलक्या हाताने तसाच धरून उभी राहिले.